पातळ आरशाच्या पाठीमागे किती स्क्रू लावायचे?

शिरोली एमआयडीसीत कास्टिंगच्या मशिनिंगचं युनिट चालवणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न आला आहे. त्यांचं म्हणणं असं: अवकाश दुर्बिणीचा आरसा हलका हवा म्हणून पातळ करतात, पातळ केला की तो वाकणार हे उघड आहे, मग पाठीमागे शंभर-दोनशे स्क्रू लावून खालून सिग्नल देऊन तो सरळ का करत नाहीत? हबल अवकाश दुर्बिणीचा आरसा सदोष निघाला, त्या वेळी तसं का जमलं नाही? आणि शेवटी, यातलं काही काम आपल्या कोल्हापुरात होण्यासारखं आहे का?

स्क्रू लावतात. पण ज्याला या कामातलं कळतं तो ते जितके कमी लावता येतील तितके कमी लावतो. माझं सगळं काम आरसे घासण्यात आणि त्याहून जास्त ते मोजण्यात गेलं. त्यावरून माझं मत असं झालंय की आरशाच्या दुरुस्तीत वाकवण्याचा भाग सोपा असतो. किती वाकवायचं आणि कुठे, हे खात्रीनं कळणं अवघड. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्याच बाजूनं देतो.

आधी तुमच्याच शॉपमधली गोष्ट घ्या. पातळ प्लेट क्लॅम्पखाली घट्ट धरली, फेस मिल मारला आणि मशीनवरच डायल गेज फिरवला तर काटा हलत नाही. क्लॅम्प सोडले की तोच जॉब उसळतो. कास्टिंग आतून ताणलेलं असेल तर वरचा थर निघाल्यावर ते आणखी वेगळीकडे वळतं. म्हणून तर जुने लोक बेडची कास्टिंग्ज वर्षभर उन्हापावसात टाकून ठेवायचे. आरशाचं दुखणं नेमकं हेच आहे, फक्त त्याचा क्लॅम्प म्हणजे पृथ्वीचं गुरुत्व. जमिनीवर घासताना आरसा स्वतःच्या वजनानं वाकलेला असतो. त्या वाकलेल्या अवस्थेत आपण त्याला बिनचूक आकार देतो, आणि कक्षेत गेल्यावर क्लॅम्प सुटतो.

आता उसळी किती चालते ते पाहू. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी धरा ५५० नॅनोमीटर, म्हणजे अर्ध्या मायक्रॉनहून जरा जास्त. दुर्बिणीनं आपल्या व्यासाला शोभेल इतकी रेखीव प्रतिमा द्यायची तर तरंगाग्रातली, म्हणजे एकत्र पुढे सरकणाऱ्या प्रकाशलाटेच्या आकारातली, सरासरी चूक तरंगलांबीच्या चौदाव्या भागाच्या आत हवी, असा आमच्याकडचा सर्वमान्य निकष आहे. म्हणजे सुमारे ४० नॅनोमीटर. परावर्तनात प्रकाश खड्ड्यात उतरतो आणि परत वर येतो, त्यामुळे पृष्ठभागावरची चूक दुप्पट होऊन मोजली जाते. म्हणून पृष्ठभागाला उरतात २० नॅनोमीटर, मायक्रॉनचा पन्नासावा भाग. तोही सगळ्या चुका मिळून, आणि कित्येक मीटर व्यासावर. तुम्ही ज्याला ‘झिरो’ म्हणता, त्याच्या आत आमचा सगळा संसार आहे.

आरसा वाकण्याचा हिशेब फार निर्दय आहे. सारख्या जाडीची तबकडी स्वतःच्या वजनानं किती वाकते, तर व्यासाच्या चौथ्या घातानं जास्त आणि जाडीच्या वर्गानं कमी. व्यास दुप्पट केला, जाडी तीच ठेवली, की वाकणं सोळापट. वर जाडी निम्मी केली तर आणखी चौपट. त्यामुळे ताठपणा हवा तर पाठीमागून कोरून जाळी करायची, फासळ्या ठेवायच्या, मधलं वजन काढायचं. हबलचा २.४ मीटरचा आरसा असाच दोन काचेच्या चकत्यांमध्ये मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी ठेवून केलेला होता, तरी त्याचं वजन ८२८ किलो. नासाच्या रोमन दुर्बिणीचा आरसा तेवढ्याच व्यासाचा, पण १८६ किलोचा. वेब अवकाश दुर्बिणीच्या आरशाच्या १८ षटकोनी तुकड्यांपैकी प्रत्येक १.३२ मीटर रुंद आहे आणि त्यातलं बेरिलियम फक्त २० किलोच्या आसपास. तो तुकडा सुरुवातीला २५० किलोच्या ठोकळ्यातून कोरला होता. ९० टक्क्यांहून जास्त माल चिप होऊन गेला, आणि बेरिलियमची धूळ फुफ्फुसाला विषारी असल्यानं ती चिपसुद्धा झाडून टाकता येत नाही.

बेरिलियमच का, हे तुम्हाला आकड्यांत लगेच पटेल. त्याचा ताठपणा पोलादाच्या दीडपट आणि घनता पोलादाच्या पावभरापेक्षा कमी. शिवाय फार थंड तापमानाला त्याचं आकुंचन जवळजवळ थांबतं. वेबचा आरसा उणे २३० अंशांच्या आसपास राहतो. तिथे तापमान एखाद्या अंशानं हललं तरी बेरिलियमचा आकार फारसा हलत नाही. दिसणाऱ्या प्रकाशाच्या, खोलीच्या तापमानाजवळ ठेवायच्या दुर्बिणीला मात्र बेरिलियम चुकीचं. तिथे जवळपास न प्रसरणारी काच लागते. हबलला म्हणूनच तशी काच होती.

गुरुत्वाखेरीज आणखी काय काय वाकवतं? तापमान, पण सगळा आरसा सारखा गार झाला तर त्रास कमी. पुढची बाजू आणि मागची बाजू यांत फरक पडला, किंवा धातूचा एक भाग दुसऱ्यापेक्षा किंचित वेगळा आखडला, की आकार बिघडतो. परावर्तक लेपाचा ताण, कारण शंभरेक नॅनोमीटर जाडीचा थरसुद्धा पातळ काचेला कमान करतो. चिकटवलेला गोंद सुकताना आखडतो आणि बरोबर त्या जागी पुढच्या बाजूला खळगा पाडतो. कार्बन-फायबरचा सांगाडा जमिनीवर हवेतली ओल पितो आणि अवकाशात ती सोडून आखडतो. आणि पॉलिशिंगचा दाब: जाळीवरची पातळ पुढची काच फासळ्यांवर टेकलेली असते, फासळ्यांमध्ये दबते, तिथे माल कमी निघतो, दाब काढला की तिथे उंचवटे दिसतात. आरशावर गोधडीची शिवण उमटावी तसा हा नकाशा. हा शेवटचा दोष लक्षात ठेवा, कारण तुमच्या स्क्रूंना त्याचं काहीच करता येत नाही.

आता दुरुस्ती. सगळ्यात मोठा हिस्सा उड्डाणाआधीच उरकायचा असतो, आणि त्यासाठी एकही स्क्रू लागत नाही. वेबच्या तुकड्यांचं काम असं झालं: आधी खोलीच्या तापमानाला घासले. मग अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, हंट्सव्हिलच्या एका मोठ्या निर्वात टाकीत हेलियमनं गार करून, थंड असताना त्यांचा आकार दुरून प्रकाशानं मोजला. गार होताना प्रत्येक तुकडा आपापल्या स्वभावाप्रमाणे वाकला होता. त्या वाकण्याचा नकाशा घेऊन तुकडे परत पॉलिशिंगला गेले आणि तो नकाशा उलटा करून घासला. म्हणजे खोलीत पाहिलं तर आरसा मुद्दाम चुकीचा. गार झाला की बरोबर. गुरुत्वाचंही तसंच करतात. आरसा वेगवेगळ्या दिशांनी फिरवून, कधी पालथा धरून मोजतात. वजनामुळे येणारं वाकणं दिशा बदलली की बदलतं, आरशाचा स्वतःचा आकार बदलत नाही. हिशेबानं दोन्ही वेगळे करता येतात. त्या उरलेल्या आकाराला घासायचं. शिवणीच्या नकाशासाठी तर टूल टेकवायचंच नाही. निर्वातात आयनांचा झोत मारून अणू-अणू उडवायचे. दाबच नाही, तर दबणार काय?

मला या पद्धतीबद्दल जास्त आदर आहे. उपग्रहात नसलेला भाग बिघडत नाही.

एवढं करूनही कक्षेत काही उरतंच, विशेषतः आरसा घडी घालून नेला असेल तर. वेबची घडी उलगडली तेव्हा १८ तुकडे म्हणजे १८ स्वतंत्र दुर्बिणी होत्या. प्रत्येक तुकड्याच्या पाठीमागे सात ॲक्च्युएटर आहेत, म्हणजे सिग्नलवर हलणारे तुमचे स्क्रूच. सहा मिळून त्याला वर-खाली, आजूबाजूला सरकवतात आणि तिरपा करतात, फिरवतात. सातवा मध्यावर ओढून किंवा ढकलून त्याची वक्रता जराशी बदलतो. समोरच्या छोट्या, दुय्यम आरशाचे सहा धरून एकूण १३२. पायरी सुमारे १० नॅनोमीटरची. एकदा जागा घेतली की वीज बंद, यंत्रणा तिथेच थांबते. ही शेवटची गोष्ट फार शहाणपणाची आहे; सतत वीज लागणारा ॲक्च्युएटर म्हणजे आरशाच्या पाठीशी ठेवलेली शेगडी.

पण पाहा, ६.५ मीटरच्या त्या आरशात आकार बदलणारा ॲक्च्युएटर तुकड्यामागे एकच आहे. बाकीचे नुसते जागा बदलतात. शंभर-दोनशे स्क्रूंचा मोह त्या लोकांनी टाळला.

ते बसवले कसे, हे सांगण्यासारखं आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये दुर्बीण एकाच ताऱ्याकडे वळवली तेव्हा त्या ताऱ्याचे १८ ठिपके दिसले, आकाशभर विखुरलेले. एकेक तुकडा किंचित हलवायचा, कोणता ठिपका हलला ते पाहायचं, म्हणजे कुठला ठिपका कुणाचा ते कळतं. मग सगळे ठिपके एकावर एक आणायचे. तरीही ते १८ छोटे आरसेच राहतात, कारण तुकड्यांमध्ये उंचीचा फरक असतो. तो आधी मायक्रॉनांत, मग नॅनोमीटरांत काढायचा. त्यासाठी तिथे कोणी मोजणी यंत्र घेऊन बसलेलं नसतं. कॅमेऱ्यातली खास भिंगं वाटेत आणून फोकस मुद्दाम अलीकडे आणि पलीकडे नेतात, ताऱ्याच्या पसरट, फोकस सुटलेल्या प्रतिमा घेतात आणि संगणक उलटा हिशेब करतो: प्रतिमा अशी दिसायची तर आरसा कसा वाकलेला असला पाहिजे? ११ मार्च २०२२ ला ही बारीक जुळणी पूर्ण झाली. तेव्हापासून साधारण दर दोन दिवसांनी तपासणी होते, आणि गरज पडली तरच तुकडे हलवतात.

हौशी दुर्बीणवाले याच गोष्टीची गरीब आवृत्ती करतात: तारा थोडा आउट ऑफ फोकस करून दोन्ही बाजूंच्या चकत्या सारख्या दिसतात का ते पाहणं. चकती अलीकडे आडवी लांबट आणि पलीकडे उभी लांबट असेल तर आरसा खोगिरासारखा वाकलाय; शंभरात बहुतेक वेळा मागचे आधाराचे स्क्रू जास्त आवळलेले असतात. पन्हाळ्यावर आरसा नेल्यावर तो तासभर गार होऊ न देता निकाल देणारे लोकही मी पुष्कळ पाहिलेत.

आता हबल. त्याच्या मुख्य आरशाच्या पाठीशी २४ ॲक्च्युएटर होतेच, हे बहुतेकांना माहीत नसतं. एप्रिल १९९० मध्ये उड्डाण झालं आणि काही आठवड्यांत कळलं की प्रतिमेला गोलीय विपथन आहे, म्हणजे कडेचा आणि मधला प्रकाश एका बिंदूवर येत नाही: आरशाची कड गरजेपेक्षा सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट घासली गेली होती. ते २४ स्क्रू बारीकसारीक वळणासाठी होते. ३० सेंटीमीटरच्या आसपास जाडीच्या त्या ताठ जाळीला सगळ्या कडेनं दोन मायक्रॉन उचलण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. ताठ आरसा स्वतःहून वाकत नाही, पण हवा तेव्हा वाकवताही येत नाही. ही देवाणघेवाण प्रत्येक आरशात आहे.

या चुकीचं मूळ मात्र आरशात नव्हतं, मोजपट्टीत होतं. आकार तपासायच्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं होतं. कारागिरांनी त्या मोजणीप्रमाणे आरसा अप्रतिम घासला. इतका गुळगुळीत आरसा त्या काळी क्वचितच झाला असेल. दुसऱ्या, साध्या उपकरणांनी गडबड दाखवलीही होती. पण ती उपकरणं कमी अचूक म्हणून त्यांचं ऐकलं नाही. या घटनेवरून मी एक नियम धरला आहे: दोन वेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या मोजण्या जुळल्याशिवाय आरशाला हात लावायचा नाही. एकच गेज दोनदा लावणं म्हणजे दोन मोजण्या होत नाहीत.

दुरुस्ती डिसेंबर १९९३ मध्ये झाली आणि ती मोठ्या आरशाला न शिवता झाली. चूक नेमकी किती, हे माहीत होतं. मग पुढच्या उपकरणांच्या वाटेत नाण्याएवढे छोटे आरसे बसवले, ज्यांच्यावर तीच चूक उलट्या चिन्हानं घासलेली होती. नव्या कॅमेऱ्यात तर हा चष्मा आतच होता. हे जमतं कारण मुख्य आरशाचीच एक छोटी प्रतिमा प्रकाशाच्या वाटेत पुढे कुठेतरी तयार करता येते. त्या जागी ठेवलेल्या आरशाचा प्रत्येक बिंदू मोठ्या आरशाच्या एकेका बिंदूला जुळतो. मोठ्याचा खड्डा छोट्यावर भरून काढता येतो.

तुमच्या दोनशे स्क्रूंची खरी जागा इथे आहे. मोठ्या आरशाच्या पाठीवर नको, या छोट्या आरशाच्या पाठीवर. रोमन दुर्बिणीत ताऱ्याचा उजेड झाकून शेजारचे ग्रह पाहण्याचं जे उपकरण आहे, त्यात दोन लवचीक आरसे आहेत, प्रत्येकाला ४८ गुणिले ४८ ॲक्च्युएटर. तळहातावर मावेल एवढ्या आरशामागे दोन हजारांहून जास्त. २०२० मध्ये डेमी नावाच्या एका क्यूबसॅटनं, म्हणजे खोक्याएवढ्या उपग्रहानं, १४० ॲक्च्युएटरचा असा चिमुकला आरसा कक्षेत चालवूनही दाखवला.

मोठ्याच्या पाठीवर का नको? एक स्क्रू ढकलला की त्याच्याभोवती एक टेकाड उठतं, आणि त्याचा आकार जाडी आणि शेजारचे स्क्रू ठरवतात. दोन स्क्रूंमधल्या अंतरापेक्षा बारीक दोष काढता येत नाहीत; उलट ढकलण्याच्या खुणा नव्यानं उमटतात. ४८ ओळींनी व्यासावर फार तर २४ लाटा सरळ होतात. शिवाय प्रत्येकाला तार, उष्णता, वजन आणि मरण आहे. दाबविद्युत (पिझो) प्रकारच्या, म्हणजे वीज दिली की किंचित लांबणाऱ्या ॲक्च्युएटरला विसरण्याची आणि सरकण्याची खोड असते: पुढे नेला आणि परत आणला तरी जुन्या जागी येत नाही, आणि एका जागी धरला तरी हळूहळू सरकतो. थंडीत त्याची हालचाल आखडते ते वेगळंच. आणि त्यातला एखादा ताणलेल्या अवस्थेत अडकला, तर आरशाला कायमची गाठ.

जमिनीवरच्या दुर्बिणींचं गणित वेगळं आहे, तिथे भरपूर आधार लागतातच. नैनितालजवळच्या देवस्थळ इथल्या ३.६ मीटर दुर्बिणीचा आरसा १६५ मिलिमीटर जाड आहे आणि त्याच्याखाली ६९ ॲक्च्युएटर आहेत. चिलीतल्या ८.२ मीटरच्या आरशांना प्रत्येकी १५०. दुर्बीण आकाशात वळते तशी गुरुत्वाची दिशा बदलते, दर काही मिनिटांनी आधार नव्यानं वाटावा लागतो. अवकाशात ही कटकट नाही. तिथली वाकडी चाल संथ असते, तापमानाच्या मागे मागे जाते, म्हणून मोजायला वेळ मिळतो.

स्क्रूंनी काय निघतं आणि काय नाही, याचं ताजं उदाहरण वेबचंच आहे. मे २०२२ मध्ये एका सूक्ष्म उल्केनं एका तुकड्याला अपेक्षेपेक्षा मोठा दणका दिला. तुकडा पुन्हा जुळवून बिघाडाचा काही भाग भरून काढला. जो खड्डा बारीक होता तो राहिला. दुर्बीण तरीही ठरल्यापेक्षा चांगली चालते, कारण मुळात सूट मोठी ठेवली होती.

पुढचं जग याहून पातळ आहे. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेत फिरत्या द्रवाच्या पॅराबोलिक पृष्ठभागावर निर्वातात बहुलकाचा (पॉलिमरचा) पापुद्रा वाढवून गुंडाळता येणारे ३० सेंटीमीटरपर्यंतचे आरसे केले गेले, २०२३ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांचा आकार सुधारायला स्क्रू नाहीतच. पाहिजे तिथे प्रकाश टाकून तो भाग किंचित तापवायचा. कल्पना मला आवडते. पण मोठ्या पापुद्र्याला ताणून धरणारी चौकट, सूर्याचा तिरपा ताप आणि छोटे थरथराट यांचा हिशेब अजून व्हायचा आहे. दूरच्या ताऱ्यांभोवतीचे पृथ्वीसारखे ग्रह पाहायच्या दुर्बिणींना तरंगाग्राची स्थिरता पिकोमीटरांत, नॅनोमीटरच्या हजाराव्या भागांत लागणार आहे. तिथे पापुद्र्याच्या आधी मला ताठ आरसा आणि न थरथरणारा सांगाडा दिसतो.

राहिला कोल्हापूरचा प्रश्न. आरसा घासण्याचा नाद करू नका. त्याला मोजणीची वेगळी प्रयोगशाळा लागते, जमीन थरथरता कामा नये, आणि तुमच्या शेजारी फाउंड्रीचा शेक-आउट, म्हणजे साचे हादरवून कास्टिंग सोडवणं, चालू असतो. पण आरशाच्या आधाराचं काम तुमच्या हातचं आहे. आरशाला बरोबर सहा बंधनं द्यायची असतात, सातवं दिलं की ते त्याला पिळतं. म्हणून आधाराला पातळ पात्यांच्या लवचीक बिजागऱ्या असतात, एका दिशेला ताठ आणि दुसऱ्या दिशेला नरम. त्या बहुधा इन्व्हार (तापमानानं फारसा न प्रसरणारा लोखंड-निकेलचा मिश्रधातू) किंवा टायटॅनियमच्या, वायरकटवर, म्हणजे तारेच्या ठिणग्यांनी कापून काढलेल्या. वायरकटनं पात्यावर वितळून थिजलेला कातडीसारखा थर राहतो. तो ॲसिडनं काढला नाही तर उड्डाणाच्या हादऱ्यांत तिथूनच तडा जातो. इन्व्हारला रफिंगनंतर आणि फिनिशिंगआधी ताणमुक्तीचं हीट ट्रीटमेंट द्या, घाई करू नका. दोन पात्यांची जाडी एकमेकांशी किती जुळते हे ड्रॉइंगमधल्या टॉलरन्सपेक्षा महत्त्वाचं आहे, कारण फरक पडला की आरसा एका बाजूला ओढला जातो.

सुरुवात करायची असेल तर ॲल्युमिनियमची दोनशे मिलिमीटरची तबकडी, मागे त्रिकोणी जाळी, फासळ्या दोन मिलिमीटर, अशा तीन बिजागऱ्यांवर बसवून पाहा. बोल्ट आवळण्याआधी आणि नंतर पुढचा फेस मोजा. डायलवर नको, त्यावर काही दिसणार नाही. ऑप्टिकल फ्लॅट (अगदी सपाट घासलेली काच) आणि सोडियमचा दिवा लावून काचेखाली दिसणारे प्रकाशाचे पट्टे मोजा. फेस तेवढा लॅप करून घ्यावा लागेल. बोल्ट आवळताना पट्टे हलले, तर बिजागरी अजून ताठ आहे.